शेतकीची पदवी आणि बांधावरची परीक्षा

प्रतिवर्षी खरिपाच्या पेरण्या उरकून शेतकरी कोळपणी-खुरपणीच्या कामास लागला, म्हणजे आपल्या गावांतून शेतकी महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दिसू लागतात. मुलांस कृषिदूत म्हणतात व मुलींस कृषिकन्या. ज्या कार्यक्रमान्वये ही मंडळी गावी येतात, त्यास ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ असे नाव आहे. वर्गात शिकलेली विद्या आणि पुढे करावयाचा धंदा यांची सांगड घालून देणे, हा त्याचा हेतू होय. हेतूविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु तो कितपत तडीस जातो, आणि जात नसेल तर त्यात आपणा शेतकऱ्यांचा वाटा किती, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी आम्ही हा लेख लिहीत आहो.

प्रथम या कार्यक्रमाची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आपल्या प्रांतात शेतकीचे वरिष्ठ शिक्षण १८७९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात एका शाखेच्या रूपाने सुरू झाले, व १९०७ साली पुण्यास स्वतंत्र शेतकी कॉलेज निघाले. पुढे राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) अशी चार कृषी विद्यापीठे स्थापन झाली. विद्या वाढली, ग्रंथ वाढले, प्रयोगशाळा वाढल्या; परंतु पदवी घेतलेला तरुण प्रत्यक्ष शेतात उभा राहिला की गोंधळतो, ही तक्रारही त्याबरोबर वाढत गेली. यास्तव १९९२ साली रंधावा समितीने विद्यार्थ्यांस गावी पाठवून प्रत्यक्ष कामाचा अनुभव द्यावा, अशी शिफारस केली. आणि २०१५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ‘स्टुडंट रेडी’ नामक योजनेत या अनुभवाचा समावेश झाला.

हा विचार मुळात फार जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्यात खेड्यांतील प्राथमिक शाळांतून शेतकीचे मूलज्ञान द्यावे व मुलांस प्रत्यक्ष शिकविण्याकरिता लहानशी नमुन्याची शेते असावीत, असे सुचविले होते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी तर एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या द्वारेच सर्व शिक्षण व्हावे, ही कल्पना मांडली. म्हणजे रोग काय आहे हे दीडशे वर्षांपूर्वीच ओळखले गेले होते. औषधही माहीत होते. उणीव राहिली ती ते नेमाने घेण्याची.

आता गावात काय चालते ते पाहू. विद्यार्थ्यांची तुकडी येते. ग्रामपंचायतीसमोर कापडी फलक लागतो. सरपंचांचा सत्कार होतो. मग एके दिवशी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक, दुसऱ्या दिवशी माती परीक्षणाची माहिती, तिसऱ्या दिवशी बोर्डो मिश्रण, चौथ्या दिवशी वृक्षारोपण, असा क्रम चालतो. प्रत्येक प्रसंगी छायाचित्र निघते, ते वर्तमानपत्राच्या जिल्हापुरवणीत छापून येते, आणि त्याचे कात्रण विद्यार्थ्याच्या अहवालवहीस चिकटविले जाते. ज्या शेतकऱ्याच्या घरी विद्यार्थी जोडून दिलेला असतो, तो वहीवर सही करून देतो. पुष्कळदा ती सही वही न वाचताच होते, हे आपण सर्वजण जाणतो. सर्वच तुकड्या अशा असतात असे आमचे म्हणणे नाही. चिखलात उतरून भाताची लावणी करणाऱ्या मुलीही आम्ही पाहिल्या आहेत. परंतु कात्रणालाच काम समजण्याची रीत पडू लागली आहे, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

हे पाहून कित्येक अनुभवी शेतकरी असा निष्कर्ष काढतात की, पुस्तकी विद्या ही मुळातच निरुपयोगी. नांगरामागे चार वर्षे चालला असता तर पोरगा जास्त शिकला असता. आमचे या निष्कर्षाशी पटत नाही. दोष पुस्तकाचा नाही. पुस्तकातील गोष्ट कोणत्या कामाची आहे, हे ज्या ठिकाणी दाखवावयाचे त्या ठिकाणी ती दाखविली जात नाही, हा खरा दोष होय. याचे उदाहरण वर सांगितलेल्या बोर्डो मिश्रणाचेच घेऊ.

एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे त्याचे एक टक्क्याचे प्रमाण विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवितो. मोरचूद व चुना निरनिराळ्या भांड्यांत भिजवावा, भांडी धातूची नसावीत, तयार मिश्रण त्याच दिवशी फवारावे, हेही तो सांगतो. शेवटी मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहतो व त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा, असे म्हणतो. परंतु विळा तांबूस का होतो, असे जर बांधावरच्या एखाद्या म्हाताऱ्याने विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही. वास्तविक हे उत्तर त्याने शाळेतच शिकलेले असते. लोखंड हे मोरचुदाच्या द्रावणातील तांबे बाहेर काढते व ते तांबे लोखंडावर बसते. म्हणजे अद्याप मोकळे मोरचूद शिल्लक आहे, चुना पुरा पडलेला नाही, आणि असे मिश्रण फवारले तर पाने भाजतील. रसायनशास्त्राच्या वर्गात जी ओळ त्याने परीक्षेपुरती पाठ केली, तीच येथे एकरभर द्राक्षबाग वाचविते किंवा जाळते. ओळही त्याच्याजवळ आहे आणि विळाही त्याच्या हातात आहे. त्या दोहोंची गाठ कोणी घालून दिलेली नाही, एवढेच.

शिवाय हे मिश्रण निघाले कसे, तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. फ्रान्स देशात बोर्डो प्रांतातील बागाईतदार वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत असत. मिलार्डे नामक प्राध्यापकांच्या असे नजरेस आले की, त्याच वेली केवडा रोगापासून वाचल्या आहेत. त्यांनी प्रयोग केले व १८८५ साली हा उपाय प्रसिद्ध केला. म्हणजे जे आज पुस्तकात आहे ते एकदा बांधावरूनच पुस्तकात गेले. ते पुन्हा बांधावर आणावयाचे, इतकेच आमचे मागणे आहे.

गणिताची गोष्टही अशीच आहे. शेकडेवारी व त्रैराशिक सातवीपर्यंत प्रत्येक मुलगा शिकतो. सोयाबीनचे बियाणे घरचे असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे व आठवडाभरात किती उगवले ते मोजावे, ही चाचणी आता पुष्कळ गावांत माहीत झाली आहे. सत्तर दाणे उगवले तर एकरी तीस किलो बियाणे पुरे. साठच उगवले तर किती? तीसास सत्तराने गुणून साठाने भागले की पस्तीस येतात. हे गणित वर्गात आगगाडीच्या वेगाचे म्हणून सुटते, पण पेरणीच्या दिवशी ते कोणासच आठवत नाही. मग विरळ उगवण झाली की दोष पावसाला दिला जातो.

खताचे पाहा. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकरी ते ४८, २४ व १६ होते. डीएपीच्या ५० किलोंच्या एका गोणीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असते. राहिले ३९ किलो नत्र. युरियात शेकडा ४६ नत्र, तेव्हा सुमारे ८५ किलो युरिया पाहिजे, म्हणजे ४५ किलोंच्या दोन गोण्यांस थोडा कमीच. हा हिशेब करावयास पाच मिनिटे लागतात. तो न करता शेजाऱ्याने चार गोण्या टाकल्या म्हणून आपणही चार टाकल्या, असे जेथे होते तेथे पैसा जातो, जमीन बिघडते, आणि पीक लोळते ते निराळेच. जो विद्यार्थी हा हिशेब यजमानाच्या ओट्यावर बसून, त्याच्याच मातीच्या तपासणीचा कागद पुढे ठेवून, त्याच्याच क्षेत्रापुरता मांडून देईल, त्याने पदवीचे निम्मे ऋण फेडले असे आम्ही समजू.

औषध फवारणीच्या बाबतीत तर प्रश्न पैशाचा नसून जिवाचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यू पावले. अनेक औषधे एकत्र मिसळणे, अंगावर संरक्षक कपडे नसणे, पुरुषभर उंच वाढलेल्या पिकात शिरून फवारणे, अशा कित्येक गोष्टींची चर्चा त्या वेळी झाली. डब्यावरील त्रिकोणाचा तांबडा रंग म्हणजे अत्यंत विषारी, त्या खालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा, हे प्रत्येक कृषिदूतास माहीत असते. परंतु ते फवारणाऱ्या मजुरास कोणी सांगितले? प्रात्यक्षिके ग्रामपंचायतीच्या पटांगणात होतात, आणि त्या वेळी मजूर शेतात असतो. विद्या ज्यास पाहिजे त्याच्यापर्यंत पोचली नाही, तर ती अहवालवहीत कितीही सुबक अक्षरात लिहिलेली असो, तिचा उपयोग काय?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, या मुलांपैकी पुष्कळजण पदवीनंतर स्पर्धापरीक्षांच्या मागे लागतात. कोणी बँकेत जातो, कोणी विमा कंपनीत, कोणी सरकारी कचेरीत. ज्यास शेती करावयाचीच नाही त्यास बांधावर उभे करून काय मिळणार? आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेली, म्हणून या आक्षेपाचे उत्तर देण्याचा आम्हांस थोडा अधिकार आहे. आमच्या मते, जो कचेरीत जाणार त्यास तर बांध अधिकच पाहिला पाहिजे. शेतकऱ्याची चूक झाली तर एका शेताचे नुकसान होते; कागदावर आकडा लिहिणाऱ्याची चूक झाली तर साऱ्या गावाचे होते.

पीक कापणी प्रयोगाचे उदाहरण घ्या. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद असा चौकोन शेतात आखावयाचा, त्यातील पीक कापून, मळून, तोलावयाचे, व त्यावरून हेक्टरी उत्पन्न काढावयाचे. हा चौकोन हेक्टराचा दोनशेवा भाग असतो. म्हणून चौकोनात सहा किलो धान्य भरले तर हेक्टरी बारा क्विंटल झाले. आता कोणी दोरी सैल धरली, किंवा ठरवून दिलेली जागा सोडून बांधाजवळचा बरा तुकडा निवडला, आणि एक किलो अधिक भरले, तर कागदावर हेक्टरी दोन क्विंटल वाढले! ते वाढलेले दोन क्विंटल कोणाच्याही कणगीत नसतात. पण त्यांच्यामुळे गावाचे सरासरी उत्पन्न फुगते, आणि सरासरीवर अवलंबून असणारी पीकविम्याची भरपाई हातची जाते. जागा नशिबावर सोडून का निवडावयाची, दोरी ताणून का धरावयाची, हे संख्याशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले आहे. परंतु ज्याने एकदा तरी भर उन्हात ती दोरी धरली आहे व ज्याच्या पुढ्यात त्या शेताचा मालक उभा राहिलेला आहे, त्यालाच त्या नियमाचे वजन कळते. खात्याच्या परीक्षा उत्तम गुणांनी उतरलेले, पण शेताच्या चतुःसीमा नकाशावरून जमिनीवर ओळखता न येणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. ते आळशी नव्हते; त्यांस कोणी शिवारातून फिरविलेच नव्हते.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा: हंगामाच्या गर्दीत पोरांस शिकवावयास आम्हांस वेळ कोठला? हा आक्षेप खरा आहे. परंतु आपला मुलगा दुसऱ्या कोणाच्या गावी असाच गेलेला असतो, हेही विसरता कामा नये. आणि वेळ फार लागत नाही. विद्यार्थ्यास ओट्यावर पाहुणा म्हणून बसविण्याऐवजी कामात सोबत घेतले, तर शिकविणे आपोआप होते, व चार हातांची भर पडते ती वेगळीच.

तिसरा आक्षेप असा की, हे सर्व पाहणे महाविद्यालयाचे काम आहे, आपल्या संघाचे नव्हे. महाविद्यालयाने आपले काम करावे हे उघड आहे. परंतु गाव आपले, शेत आपले आणि सहीही आपली. जी गोष्ट आपल्या हातात आहे ती आपण का करू नये? यास्तव आम्ही पुढील सूचना संघाच्या विचारार्थ मांडतो.

पहिली सूचना. प्रत्येक विद्यार्थ्याने यजमान शेतकऱ्याच्या एका पिकाचा जमाखर्च, नांगरटीपासून तो गावी असेपर्यंत, दिवसवार लिहावा. बियाणे, खत, मजुरी, बैल किंवा ट्रॅक्टरचे भाडे, पाणी, सर्व काही त्यात यावे. आधीचा खर्च यजमानास विचारून भरावा. बहुतेक शेतकऱ्यांजवळ असा हिशेब नसतो. म्हणजे विद्यार्थ्यास अर्थशास्त्र कळेल व यजमानास आपला खरा खर्च कळेल.

दुसरी सूचना. प्रात्यक्षिक पटांगणात न करता शेतात करावे, व ते सकाळी मजुरांच्या कामाच्या वेळी करावे. फवारणीविषयीचे प्रात्यक्षिक तर जो प्रत्यक्ष पंप पाठीवर घेतो त्याच्यासमोरच झाले पाहिजे.

तिसरी सूचना. प्रत्येक कृतीबरोबर ‘असे का?’ हा प्रश्न शेतकऱ्याने विचारावा, व उत्तर न आल्यास विद्यार्थ्याने पुस्तक पाहून दुसऱ्या दिवशी ते सांगावे. यात कोणाचा अपमान नाही. उत्तर न येणे ही लाजेची गोष्ट नव्हे. उत्तर न शोधणे ही आहे.

चौथी सूचना. सही वही वाचल्याखेरीज करू नये. ज्यांस वाचता येत नाही त्यांनी ती घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचवून घ्यावी. संघाने विद्यापीठांस असेही विनंतीपत्र पाठवावे की, यजमानाच्या अभिप्रायास काही गुण राखून ठेवावेत.

पाचवी सूचना. मुक्काम संपताना संघाने गावी एक सभा भरवावी व विद्यार्थ्यांनी आपण काय केले ते सरळ मराठीत वाचून दाखवावे. त्यातील उत्तम निबंध या मासिकात छापावेत. हारतुऱ्यांचा खर्च वाचेल, आणि वाचकांस काही कामाचे वाचावयास मिळेल.

हे सर्व केवळ मनोराज्य आहे असे कोणी समजू नये. विद्या व धंदा यांची गाठ घालून देणारी एक योजना चालू आहेच. खते, बियाणे व औषधे विकणाऱ्या दुकानदारांकरिता हैदराबाद येथील ‘मॅनेज’ या संस्थेने २००३ साली एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम काढला. त्यास ‘देसी’ असे संक्षिप्त नाव आहे. त्याचे वर्ग आठवड्यातून एकदा, सुटीच्या किंवा बाजार बंद असण्याच्या दिवशी भरतात, म्हणजे दुकान बुडत नाही. आणि वर्गाबरोबर शेतावरच्या भेटीही ठेवलेल्या आहेत. रविवारी शिकलेली गोष्ट दुकानदारास सोमवारी गिऱ्हाईकापुढे वापरावी लागते. शिकणाऱ्याचे वय कोणतेही असो, विद्या अंगी लागण्याचा हाच मार्ग आहे: आज शिकावे, उद्या वापरावे, आणि चुकल्यास परवा विचारावे. जे दुकानदारास साधते ते चार वर्षे त्याच विषयात घालविलेल्या तरुणास साधू नये, असे काही नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासूनच मुलांस व्यवसायांची ओळख करून द्यावी व दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकू द्यावे, असे म्हटले आहे. तेव्हा पुढील काळात आपल्या बांधावर केवळ पदवीचे विद्यार्थी नव्हे, तर गावच्याच शाळेतील लहान मुलेही येतील अशी अपेक्षा धरण्यास जागा आहे. त्यांच्यापुढेही आपण फलक व हारतुरे ठेवणार काय? कृषिदूतांच्या बाबतीत जर आताच चांगला पायंडा पाडला, तर तोच या मुलांच्या उपयोगी पडेल.

शेवटी एवढेच सांगावयाचे की, गावी येणारी ही मुले परकी नव्हेत. त्यांपैकी पुष्कळ आपल्यासारख्याच घरांतून, गहाण टाकलेल्या शेताच्या किंवा विकलेल्या म्हशीच्या पैशावर शिकावयास गेलेली असतात. त्यांची चार वर्षे वाया जाणे म्हणजे एका घराची पुंजी वाया जाणे होय. त्यांस महाविद्यालय पदवी देईल. परंतु त्या पदवीचा उपयोग कोठे आहे, हे दाखवावयाचे ठिकाण आपले शेत आहे. तरी ज्या सभासदांकडे येत्या खरिपात असे विद्यार्थी येतील, त्यांनी वरील सूचनांपैकी निदान जमाखर्चाची व सहीची, अशा दोन तरी अमलात आणाव्यात, आणि हंगाम सरल्यावर काय अनुभव आला तो संघाच्या कचेरीस लेखी कळवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.